किल्ल्यावरचा पाहण्याचा कार्यक्रम

सहावं स्थळ पोह्यांची तारीफ करून, दोनदा वाढून घेऊन आणि "कळवतो" म्हणून गेलं ते गेलंच. तेव्हा मिनलनं जाहीर केलं, की यापुढे ती ट्रे घेऊन बैठकीत येणार नाही.

"ज्याले पाहायचं असन त्यानं मले बाहेर भेटावं," ती म्हणाली. "आणि मीही त्याले पाहीन. चालताना, बोलताना, उन्हात. सोफ्यावर बसलेला माणूस काही कळत नाही, बाबा."

कृष्णकांत गावंडे सिंचन खात्यात वरिष्ठ लिपिक होते. आधी कोणी तरी केल्याशिवाय कुठलीही गोष्ट करायची नाही, या एका तत्त्वावर त्यांची सगळी नोकरी निभली होती. मुलगी घराबाहेर दाखवण्याचं काम मात्र गावंड्यांच्या कुळात अद्याप कोणी केलं नव्हतं. बाहेर म्हणजे नेमकं कुठं, हा प्रश्न त्यांनी घरात बसून सोडवायला हवा होता. तो त्यांनी बिल्डिंगच्या गेटवर विचारला आणि तिथंच घात झाला. मानेवाड्यातल्या त्या तीन मजली इमारतीत पाण्याची टाकी सामाईक होती, मोटार सामाईक होती आणि त्याच न्यायानं अडचणीही सामाईक होत्या.

कोणी म्हणालं, हॉटेलात न्या. त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या श्वेतावहिनी म्हणाल्या, की खाताना कोणताच माणूस लग्नाच्या लायकीचा दिसत नाही. कोणी म्हणालं, मंदिरात न्या. ते मिनलनंच मोडून काढलं. देवासमोर नाही म्हणायची चोरी होते, असं तिचं मत पडलं. शेवटी तळमजल्यावरचे धम्मानंद मेश्राम पुढं झाले. मेश्राम पोस्टातून निवृत्त झालेले, वाचणारे गृहस्थ. त्यांचा शब्द बिल्डिंगमध्ये कोणी खाली पडू देत नसे.

"गावंडेसाहेब, तुम्ही अजब बंगला पाहिला?"

"लहानपणी पाहिला."

"काय पाहिलं?"

कृष्णकांतनी बराच विचार केला. "एक मगर होती. भुसा भरलेली."

"पाहा! पन्नास वर्षं नागपुरात काढली आणि पदरात काय, तर मगर! अहो, पाहुण्यांले आपलं शहर दाखवा. म्युझियममध्ये पंखे हायेत, बाकं हायेत, शांतता हाये. पोरगी सुसंस्कृत हाये हे मंग तोंडानं सांगायचं कामच नाही."

हे शेवटचं वाक्य कृष्णकांतच्या मनात जाऊन बसलं. त्यांनी त्याच संध्याकाळी मौद्याच्या महादेवराव डाखोळ्यांना फोन लावला. महादेवरावांचा मुलगा विक्रम बुटीबोरीच्या एका कंपनीत इंजिनीअर होता. दोन्ही घरांची अजून गाठभेट नव्हती, सगळं फोनवरच चाललं होतं. विक्रमचा एक फोटो आला होता, पण तो कुणाच्या तरी वरातीतला. डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मित्राचा हात अर्ध्या तोंडावर.

"अजब बंगल्यात?" महादेवराव म्हणाले. "बरं, काही हरकत नाही. पोट्ट्याले एक मेचीच सुट्टी हाये. आम्ही चौघं येतो."

त्यानंतर कृष्णकांतनी अभ्यास सुरू केला. गोंड राजे, भोसले, इंग्रज अशा क्रमानं ते रोज रात्री जेवताना पाठ म्हणत. पोळी लाटता लाटता पुष्पलताबाई ऐकत आणि एक दिवस त्यांचं लाटणं थांबलं.

"अवो, तुमाले पोरगी द्यायची हाये का परीक्षा द्यायची हाये?"

एक मे सोमवारी आला. हे वाक्य दिसायला साधं आहे, पण त्यात गावंडे कुटुंबाचा अर्धा सत्यानाश आहे. तिघं जण नवे कपडे घालून, खिशात आणि पर्समध्ये उन्हावरचा उतारा म्हणून एकेक कांदा ठेवून अजब बंगल्यापाशी ऑटोतून उतरले, तर गेटला कुलूप. आतल्या बाजूला चौकीदार खुर्ची टाकून बसला होता.

"सोमवारी बंद राहते, साहेब."

"आजच्या दिवस काही होणार नाही का?"

"सोमवार नसता तरी आज एक मे हाये ना. सरकारी सुट्टी."

एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस सरकारी सुट्टीच्या दिवशी सरकारी दार उघडं असेल असं धरून आला होता, आणि ज्या सुट्टीमुळे तो स्वतः मोकळा होता, त्याच सुट्टीमुळे तो चौकीदारही बसून होता. यात रागवायला कुठं जागाच सापडेना. रागवायला जागा नसणं हे फार वाईट. राग मग आत फिरत राहतो.

त्यांनी मेश्रामांना फोन लावला. मेश्रामांना अपराधी वाटेल अशी त्यांची अपेक्षा होती. मेश्रामांना उलट आनंद झाला.

"अरे, मंग किल्ला! सीताबर्डीचा किल्ला! लष्कराच्या ताब्यात हाये, वर्षातून तीनच दिवस लोकांले खुला करतात. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट आणि आज! नशीब म्हणतात ते हेच, साहेब!"

ज्या टेकडीखालून कृष्णकांत रोज ऑफिसला गेले, तिच्यावर खरोखरच किल्ला आहे हे त्यांना माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं. त्यांनी महादेवरावांना कळवलं. "आमची गाडी रस्त्यातच हाये," तिकडून आवाज आला, "येतो गेटपाशी."

किल्ल्याच्या गेटपासून रांग पार उतारावर आली होती. ऊन असं, की डांबरावर चप्पल चिकटावी. मे महिन्यात नागपूरचा माणूस ओळखू येत नाही. बायकांच्या तोंडाला ओढण्या, पुरुषांच्या डोक्याला दुपट्टे, आणि मधल्या फटीतून फक्त डोळे. त्या डोळ्यांच्या रांगेत कृष्णकांत महादेवरावांना शोधत होते. पुढंच एक उंच गृहस्थ उभे होते, पांढरी टोपी, पांढरा सदरा. शेजारी हिरव्या लुगड्यातल्या बाई आणि त्यांच्या मागं चांगला बांधेसूद तरुण मुलगा.

"मौद्याहून काय जी?" कृष्णकांतनी विचारलं.

"व्हय, मौद्याहूनच," गृहस्थ चकित होऊन म्हणाले. "तुमी कसं ओळखलं?"

"ओळखणार नाही तर काय! मी कृष्णकांत गावंडे. या, या! कधीची वाट पाहून राहिलो तुमची!"

त्या गृहस्थांचं नाव दादाजी. ते फक्त किल्ला पाहायला आले होते आणि नागपुरात कोणी आपली वाट पाहत असेल, अशी त्यांना आयुष्यात कधी शंका आलेली नव्हती. पण आजचा दिवस महाराष्ट्र दिनाचा. सरकारनं पाहुण्यांच्या स्वागताला माणसं नेमली असतील, असा त्यांनी आपला समज करून घेतला आणि नमस्कार केला.

मग कृष्णकांतनी स्वागताची शर्थ केली. उसाच्या रसाचे ग्लास आणवले. हिरव्या लुगड्यातल्या बाईंसाठी बर्फ वेगळा सांगितला. स्वतःची छत्री दादाजींच्या डोक्यावर धरून ते स्वतः उन्हात उभे राहिले. मुलाला आई "बंटी" म्हणाली, तेव्हा त्यांना क्षणभर खटकलं, पण विक्रमचं घरातलं नाव बंटी असायला कायद्याची आडकाठी नव्हती. मिनल आणि बंटी रांगेत मागंपुढं उभे राहून बोलायला लागले. मिनल हसली. सहा कार्यक्रमांत ती हसली नव्हती. कृष्णकांतनी पुष्पलताबाईंना कोपरानं खूण केली आणि पुष्पलताबाईंनी डोळ्यांनीच देवाचे आभार मानले.

गेटवर जवानानं प्रत्येकाचं ओळखपत्र पाहिलं आणि मोबाइल बंद करायला सांगितलं. कृष्णकांतनी आज्ञाधारकपणे बंद केला. नेमक्या त्याच सुमारास महादेवराव डाखोळ्यांची जीप, महाराष्ट्र दिनाच्या मिरवणुकीत अडकत अडकत, उताराच्या पायथ्याशी येऊन थांबत होती. चौघांचे नऊ जण झाले होते.

वर गेल्यावर कृष्णकांतच्या वाणीला बहर आला. इथली लढाई, तिथला बुरूज, भोसल्यांचा पराभव, इंग्रजांचा कावा. मोफत मिळणारी ही माहिती ऐकायला रांगेतली आणखी काही माणसं भोवती जमली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांचं ऐकत होतं, आणि तेही मान हलवत. दादाजी तर हात जोडून ऐकत होते. फाशी गेलेल्यांच्या स्मृतिस्थळापाशी सगळे गंभीर होऊन उभे राहिले. त्या गांभीर्यातच मुद्द्याचं बोलून घ्यावं, असं कृष्णकांतना वाटलं.

"मंग, काय ठरवता?" त्यांनी हळूच विचारलं. "दोघं किती मस्त बोलून राहिले, पाहा ना. दिवाळीनंतरचा मुहूर्त धरावा म्हणतो मी."

"कशाचा मुहूर्त?"

"लग्नाचा."

"कोनाचं लग्न?"

"बंटीचं!"

दादाजींनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली. "भाऊ, तुमाले ऊन तं नाही लागलं? बंटीचं लग्न गेल्या वर्षीच झालं. सून माहेरी गेली हाये, उमरेडले. बाळंतपणाले."

त्या स्मृतिस्थळापाशी अनेकांनी अनेक गोष्टी सोसल्या असतील. कृष्णकांतना त्या क्षणी स्वतःचं दुःख त्यात अगदीच काही लहान वाटलं नाही. भोवतीची माणसं अजून ऐकत होती. कोणी तरी मागून म्हणालं, "आता पुढचं सांगा ना, साहेब, इंग्रज आल्यावर काय झालं?"

ते तटाच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मिनलकडे गेले. बंटी समजूतदार मुलगा. तो आपणहून बाजूला झाला.

"तुले माहीत होतं?"

"रांगेतच कळलं. त्यानं बायकोचा फोटो दाखवला."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

मिनल खाली पसरलेल्या शहराकडे पाहत राहिली. "मले वाटलं, ते खरे लोक अजून यायचे असतील. आणि तुम्ही... बाबा, सहा वेळा मी तुमाले पाहुण्यांसमोर पाहिलं. दर वेळी तुम्ही हात बांधून, अर्धे वाकून उभे राहता. मुलीचा बाप म्हणून. आज तुम्ही सरळ उभे होते. मोठ्यानं बोलून राहिले होते. मले ते थांबवावं वाटलं नाही."

कृष्णकांतनी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. त्यांनी दादाजींना नमस्कार केला, दादाजींनी त्यांना मौद्याला जेवायला यायचं आग्रहाचं आमंत्रण दिलं, आणि गावंडे कुटुंब किल्ला उतरायला लागलं.

खाली येऊन मोबाइल चालू केला, तर तो हातात नुसता थरथरत राहिला. एकामागून एक महादेवराव. शेवटचा निरोप फक्त एवढाच होता, "धंतोलीत दवाखान्यात आहो. या."

झालं असं, की महादेवरावांच्या धाकट्या भावाजवळ ओळखपत्र नव्हतं. त्याला एकटं सोडून आत जायला घरातलं कोणी तयार होईना आणि कृष्णकांतचा फोन लागेना. विक्रम उन्हात गेटवरून रस्त्याकडे आणि रस्त्यावरून गेटकडे भावी सासऱ्याला शोधत फिरला आणि शेवटी रसवंतीच्या बाकड्यावर आडवा झाला.

धंतोलीत दर दोन घरांनंतर दवाखाना, त्यामुळे सापडायला वेळ गेला. जिन्यातच महादेवराव उभे होते. बुटके, काळेसावळे, संतापानं आणखी काळे झालेले.

"फोन काहून बंद होता तुमचा? पोट्टं पडलं ना माह्यं उन्हात!"

"मी तुमच्यासोबतच होतो," कृष्णकांत गोंधळून म्हणाले. "म्हणजे, मला तसं वाटत होतं."

"म्हणजे?"

हे समजावून सांगायला कृष्णकांतजवळ शब्द नव्हते. पुष्पलताबाईंजवळ होते. "यांनी दुसऱ्याच मानसाले व्याही समजून रस पाजला."

महादेवराव अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "आमच्या नावाचा रस दुसऱ्यानं पेला?"

आत खाटेवर विक्रम पडला होता. हाताला सलाइन, डोक्यावर ओला टॉवेल, पायात मोजे तसेच. पाहण्याच्या कार्यक्रमासाठी शिवलेला आकाशी शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यानं उठून बसायचा प्रयत्न केला आणि नर्सनं त्याला दाबून परत झोपवलं. पेशंटजवळ एकच माणूस थांबेल, असं ती म्हणाली. डाखोळ्यांचे आठ जण आणि गावंड्यांचे तीन, अशा अकरा जणांत वाद सुरू झाला. मिनल एका खासगी रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये कामाला होती. नर्सशी कोणत्या आवाजात बोलायचं हे तिला माहीत होतं. ती दोन वाक्यं बोलली, खाटेजवळचं स्टूल ओढून बसली आणि बाकीचे सगळे बाहेर काढले गेले.

दार लागता लागता कृष्णकांतना तिचा आवाज ऐकू आला. "तुम्हाला स्वयंपाक काय काय येतो?"

आणि आतून अगदी क्षीण उत्तर, "वरण-भात. पण वरण पातळ होते."

दोघांच्या आया व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. बाकी मंडळी जिन्यात उभी राहून कृष्णकांतकडे पाहू लागली. ती नजर सोसणं शक्य नव्हतं.

"सलाइन संपेस्तोवर आमी काय करायचं आता?" महादेवरावांनी विचारलं. "नागपूर दाखवतो म्हणे. दाखवा."

म्हणून भर दुपारी, अंगात त्राण नसताना, पोटात अन्न नसताना, कृष्णकांत गावंडे डाखोळ्यांच्या जीपमध्ये महादेवराव आणि त्यांचा भाऊ यांच्या मधोमध दाबून बसले आणि शहर दाखवायला निघाले. प्रथम झीरो माइल. चार घोडे, एक दगडी खांब, भोवती वाहनांची घरघर.

"हे?" महादेवराव म्हणाले.

"हा इंग्रजांच्या मोजणीप्रमाणे भारताचा मध्य हाये."

महादेवरावांनी डोळ्यांवर हात धरून सगळीकडे पाहिलं. "मंग मध्यात सावली काहून नाही?"

दीक्षाभूमीच्या स्तूपात पायांखाली गारवा लागला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सगळे आपोआप गप्प झाले. महादेवरावांचा भाऊ तिथून उठायलाच तयार नव्हता. तिथून रमण विज्ञान केंद्र. तारांगणाच्या खेळात अंधार झाला, वातानुकूलित हवा अंगावर आली, वर आकाशगंगा उगवली आणि शनीची कडी यायच्या आत जीपमधून आलेले सगळे डाखोळे झोपले. महादेवरावांचं डोकं हळूहळू कलत कृष्णकांतच्या खांद्यावर आलं. घोरण्याचा आवाज घुमटात घुमू लागला. मागून कोणी तरी "शू शू" केलं. कृष्णकांतनी खांदा हलवला नाही. ज्या माणसाचं त्यांनी सकाळपासून इतकं नुकसान केलं होतं, त्याला निदान झोप तरी लागली होती. एवढ्या अंधारात आपला चेहरा कोणाला दिसत नाही, याचं त्यांना फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच त्यांनाही डुलकी लागली.

ते परतले, तेव्हा विक्रम उठून बसला होता. टॉवेल अजून डोक्यावर होता. मिनल आणि तो एकेका ग्लासातून मीठ-साखरेचं पाणी पीत होते आणि कुठल्याशा गोष्टीवर हसत होते. सगळे आत घुसले. नर्सनंही आता हात टेकले होते.

"काय ठरलं?" दोन्ही बापांनी एकदम विचारलं.

मिनलनं विक्रमकडे पाहिलं, विक्रमनं मिनलकडे पाहिलं.

"नंबर घेतला," मिनल म्हणाली.

"म्हणजे हो?"

"नाही, हो नाही."

"म्हणजे नाही?"

"नाही म्हणजे नाहीही नाही," विक्रम म्हणाला. "बोलू थोडे दिवस. मंग पाहू."

कृष्णकांतनी एकतीस वर्षांत असंख्य प्रकरणं हाताळली होती. मंजूर, नामंजूर आणि प्रलंबित. पण प्रलंबित प्रकरणावरही तारीख असते. यावर तारीखच नव्हती. ते व्हरांड्यात आले. थोड्या वेळानं महादेवरावही त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघं कठड्याला टेकून खालच्या रस्त्याकडे पाहत राहिले.

"गावात इचारतीन ना लोक," महादेवराव म्हणाले. "नंबर घेतला म्हणजे काय सांगू मी त्याहिले?"

"माझ्याही बिल्डिंगमध्ये विचारतील."

"तुमी काय सांगान?"

"तेच पाहून राहिलो मी."

महादेवरावांनी खिशातून कांदा काढला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि परत ठेवून दिला. त्यांना राग आलेला नव्हता. राग यायलाही काही तरी पक्कं लागतं.

अंधार पडता पडता गावंडे कुटुंबाचा ऑटो मानेवाड्यात शिरला. गेटवर सगळी बिल्डिंग जमली होती. श्वेतावहिनींच्या हातात पेढ्यांचा डबासुद्धा होता. मिनल आणि पुष्पलताबाई कोणाकडे न पाहता सरळ जिन्यात शिरल्या. कृष्णकांत एकटे सापडले.

"काय मंग, साहेब?" मेश्राम पुढं आले. "जमलं?"

कृष्णकांतचा नवा शर्ट घामानं पांढरा पडला होता. एका खांद्यावर महादेवरावांच्या तेलाचा डाग होता. ते ताठ उभे राहिले.

"किल्ला पाहिला," ते म्हणाले. "फार चांगला हाये. वरून सगळं नागपूर दिसते."

"ते झालं हो. पोरगं कसं हाये?"

"पोरगं खालीच राहिलं," कृष्णकांत म्हणाले, आणि पेढ्यांच्या डब्याला वळसा घालून हळूहळू जिना चढू लागले.